आईचा पीसी शिफ्ट होतोय!

हार्ड डिस्क 'टक टक' करायला लागली, विंडोज १० ची मुदत संपत आली आणि दिवाळीच्या साफसफाईत घरच्या कम्प्युटरचाही नंबर लागला. एका वीकेण्डचं तर काम, असं वाटलं होतं. पण...

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. रात्रीचे साडेआठ. घरी आले तर आई कम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसलेली.

''काय झालं गं?''

''सुरू होतोय,'' आई शांतपणे म्हणाली. ''मघाशी बटण दाबलं आणि चहा टाकला. चहा पिऊन झाला. आता कुकर लावते, तोवर होईल.''

स्क्रीनवर विंडोजचा लोगो, खाली गोल गोल फिरणारे ठिपके. आणि कॅबिनेटमधून आवाज. टक. टक. टक-टक. मला वाटलं पंख्यात वायर अडकलीय. कान लावून ऐकलं. पंखा नव्हता, हार्ड डिस्क होती!

हा पीसी आमच्याकडे २०१५ च्या दिवाळीत आला. माझ्या कॉलेजच्या असाइनमेंट्ससाठी. चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. तेव्हा सॉलिड वाटायचा. पुढे मी लॅपटॉपवाली झाले आणि पीसी आईचा झाला. लाइट बिल, महिला मंडळाचे हिशेब, सॉलिटेअर. आणि डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर. नाव : 'आजी'.

त्या फोल्डरमध्ये काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं टेन्शन कळेल. आईची आई साताऱ्याकडची. मे महिन्यात ती आमच्याकडे डोंबिवलीला राहायला यायची. २००५ ते २००८ या चार उन्हाळ्यांत आईनं तिला समोर बसवून जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या आणि ऐकून टाइप केल्या. दोनशे बारा ओव्या! आई ऑफिसात टायपिस्ट होती, त्यामुळे स्पीडचा प्रश्नच नव्हता. २०११ मध्ये आजी गेली. पीसी बदलला तेव्हा फोल्डर जुन्यावरून नव्यावर आला आणि तिथेच राहिला. प्रिंट काढू काढू म्हणत राहून गेली. कॉपी किती? एक. कुठे? त्या टक टक करणाऱ्या डबीत.

चौदा तारखेचं लफडं

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा मोफत सपोर्ट संपायचा दिवस होता १४ ऑक्टोबर २०२५. म्हणजे आमच्या हातात मोजून चार दिवस. त्या दिवशी कम्प्युटर बंद वगैरे पडत नाही हं! फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही. आई याच पीसीवरून बँकेचे व्यवहार करते म्हटल्यावर हे परवडणारं नव्हतं.

मग विंडोज ११ टाकायचं ना, सिम्पल! नाही हो. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० हवं, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची यंत्रणा. सिक्युअर बूट हवं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमचा चौथ्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघितलं, नम्रपणे नकार आला. अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवायचे जुगाड आहेत, पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची योजनाही जाहीर झाली होती. म्हणजे दुखणं एक वर्ष पुढे ढकलायचं. आणि डिस्कच्या टक टकवर त्यात काहीच इलाज नव्हता.

''चालतोय ना? मग हात कशाला लावतेस?'' बाबांचा नेहमीचा फंडा.

''बाबा, आवाज ऐका.''

बाबांनी ऐकला. ''हं. हात लाव,'' म्हणाले.

ठरलं. पीसी तोच, ड्राइव्ह नवा आणि ऑपरेटिंग सिस्टीमही नवी : लिनक्स मिंट. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये छंद म्हणून सुरू केलेलं लिनक्स आज जगभरच्या सर्व्हरवर चालतं, ॲण्ड्रॉइडच्या पोटातही तेच आहे. मिंट हा त्याचा २००६ पासूनचा एक घरगुती अवतार. फुकट. मेन्यूचं बटण डाव्या कोपऱ्यात खाली, म्हणजे विंडोजवरून येणारा माणूस बिचकत नाही. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आमच्या आय-थ्रीला तेवढं पुष्कळ.

टक टक म्हणजे काय?

हार्ड डिस्क ही खरं तर एक छोटी ग्रामोफोन आहे. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ७२०० फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून एक बारीकसा दांडा पुढे-मागे धावत माहिती वाचतो. हवी ती जागा सापडायला त्याला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. ऐकायला काहीच नाही, पण सिस्टीम सुरू होताना हजारो बारीक फाइल्स वाचाव्या लागतात. तिथेच आईचा चहा होतो.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये बाजारात आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि सगळं मिळून मावायचं जेमतेम ५ एमबी. आज मोबाइलवरचा एक चांगला फोटो तेवढा असतो! तंत्र बारीक झालं, पण फिरणाऱ्या वस्तूचा स्वभाव तोच. ती झिजते. दांडा जागा चुकायला लागला की पुन्हा मागे जातो, पुन्हा शोधतो. टक टक ती हीच.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. पेन ड्राइव्हसारख्या फ्लॅश चिप्स. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचते, जुनी हार्ड डिस्क शंभर-दीडशेवर धापा टाकते. पण खरा फरक शोधाशोधीत पडतो. एसएसडीला हवी ती जागा दहा मिलिसेकंदांच्या शंभराव्या हिश्श्यात सापडते. म्हणून जुन्या पीसीत प्रोसेसर न बदलता नुसती एसएसडी टाकली तरी तो तरुण होतो.

त्या रात्री मी झोपले नाही. पोर्टेबल ड्राइव्ह लावली आणि सगळ्यात आधी 'आजी' फोल्डर कॉपी केला. डिस्क आजारी असेल तर हाच नियम : जे परत मिळणार नाही ते पहिलं, आणि बारीक ते आधी. त्या अवस्थेत डिफ्रॅग, स्कॅन असलं काही चालवायचं नाही. मरणाऱ्याला जिने चढायला लावण्यासारखं आहे ते. फोल्डर काही सेकंदांत आला, एक एमबीसुद्धा नव्हता. मग फोटो. ते पहाटेपर्यंत चालले. २०१६ च्या गणपतीचे काही फोटो आलेच नाहीत. कॉपी तिथे अडकायची, टक टक वाढायची. शेवटी ते सोडून दिले. वाईट वाटलं, पण ओव्या तर हातात होत्या. असं मला वाटलं होतं.

लॅमिंग्टन रोड झिंदाबाद

शनिवारी स्वारी लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण हे नाव घेऊन रस्ता विचारलात तर समोरचा तुमच्याकडेच बघत राहील. डोंबिवलीहून दादरपर्यंत फास्ट, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. ऑनलाइन मागवता आलं असतं, पण मला त्याच दिवशी हवी होती आणि दुकानात उभं राहून चार प्रश्न विचारायचे होते.

''मॅडम, गेमिंग का?'' काउंटरवरच्या मुलानं विचारलं.

''नाही, आईसाठी.''

त्यानं एनव्हीएमईचा बॉक्स बाजूला सरकवला. ''मदरबोर्ड जुना असेल तर हे लागणार नाही. अडीच इंची साटा घ्या. ५०० जीबी खूप झाली. केबल आहे का घरी?'' नव्हती. केबल आणि डिस्क बसवायची पट्टीही त्यानंच दिली. हा प्रश्न कुठल्याही वेबसाइटनं मला विचारला नसता. सगळं मिळून खर्च एका बऱ्यापैकी डिनरएवढा. चौघांच्या, आणि साऊथ बॉम्बेतल्या! पण नव्या पीसीच्या मानानं काहीच नाही.

आणि मुहूर्त!

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर कॅबिनेट आडवं झालं. आईनं आधी पुसून घेतलं. दहा वर्षांची धूळ होती, दिवाळीची साफसफाई सार्थकी लागली.

प्लग काढला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या आणि हे मुद्दाम. इन्स्टॉल करताना दोन डिस्क जोडलेल्या असल्या आणि चुकून जुनी निवडली गेली, तर एका क्लिकमध्ये सगळं साफ. जोडलेलीच नसेल तर पुसली जाणार कशी? मग नवी एसएसडी पट्टीवर कसली आणि वायरी जोडल्या. चार स्क्रू, दहा मिनिटं.

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची. ती आदल्या रात्रीच लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हवर चढवली होती. गंमत म्हणजे लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, काहीही इन्स्टॉल न करता. आम्ही बघितलं. वायफाय लागलं. आवाज आला. प्रिंटरनं एक पान काढून दाखवलं. मग 'इन्स्टॉल'वर क्लिक. वीस मिनिटांत खेळ खल्लास.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आधी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चार मिनिटं लागायची. आता ३१ सेकंद.

आई बघतच राहिली. ''एवढ्यात? मग मी चहा कधी टाकायचा?''

पुढचा प्रश्न ''माझा सॉलिटेअर कुठंय?'' तोही सापडला. ब्राउझर तोच, बँक तीच, मेल तोच. वर्डच्या जागी लिबर ऑफिस. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट होता, फोनेटिकही होता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात आईनं 'आजी' फोल्डर उघडला.

आजी बोलेना

फाइल उघडली. पानं तेवढीच, ओळीही तेवढ्याच. पण अक्षरं? इंग्रजी एबीसी, कंस, डॉलरची चिन्हं, स्वल्पविरामांची रांग. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. दुसरी फाइल. तीच कथा. तिसरी. तेच.

आई काही बोलली नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाली, ''माझं काही चुकलं का गं टाइप करताना?''

चुकलं तिचं नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मध्येच आली. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा असा कायमचा नंबर असतो, कुठल्याही मशिनवर 'क' म्हणजे 'क'च. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीममध्येही ही सोय आली. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट याच वाटेनं घराघरांत पोचला. पण ऑफिसं, छापखाने, डीटीपीची दुकानं पुढेही कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टवर चालली. आईची बोटंही त्यातच तयार झालेली. त्या फॉन्टची युक्ती साधी होती. कम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, फॉन्ट फक्त त्या अक्षराला मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा असेपर्यंत ओवी, काढला की एबीसी. त्यातही प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा.

विंडोजवर तो फॉन्ट होता म्हणून आईला कधी कळलंच नाही. मी कागदपत्रं आणली, फोटो आणले, सगळा डी ड्राइव्ह आणला. पण फॉन्ट राहतो सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरच्या आत. तिकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. 'विंडोज तर जाणारच आहे, त्यातलं काय घ्यायचं?' फॉन्टची मूळ सीडी माळ्यावर शोधली. डबी सापडली. रिकामी.

म्हणजे कुलूप घेऊन आले आणि किल्ली जुन्या घरी राहिली. जुनं घर टक टक करतंय.

साठ केबीसाठी

संध्याकाळी जुनी डिस्क पुन्हा जोडली. सुरू केलं. टक टक टक. मिंटला ती दिसलीच नाही. बंद केलं. अर्धा तास थांबलो. इंटरनेटवर कुणीतरी तुम्हाला डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायला सांगेल, प्लीज ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते. आम्ही नुसतं थांबलो. बाबा टीव्ही बंद करून आत येऊन उभे राहिले.

दुसऱ्यांदा दिसली, पण उघडेपर्यंत गायब. पुन्हा थांबलो. आई देव्हाऱ्यातला दिवा लावून आली. तिसऱ्यांदा उघडली. सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. शेकडो नावांची यादी ओळीओळीनं उमटत होती. आईनं बोट ठेवलं, ''हा. हाच.'' कॉपी. पेस्ट. एक सेकंद. मग लगेच डिस्क बंद केली.

फाइलचा आकार : साठ केबी. एक टीबीच्या डिस्कवर आम्हाला एवढंच हवं होतं.

फॉन्टवर डबल क्लिक, इन्स्टॉल. लिबर ऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. आणि एबीसीच्या जागी आजी आली.

वेलांटी कुठे गेली?

पण मुखवट्यावर किती दिवस काढणार? खरं काम पुढे होतं, सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये आणायच्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त तुमच्या फॉन्टचाच घ्यावा लागतो. शिवाय तो चुका करतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती दिसते आधी, पण साठवली जाते अक्षरानंतर. रफाराचंही उलटंच. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गोंधळतो, वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते.

म्हणून रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. एका खिडकीत जुनी फाइल, दुसरीत नवी. मी वाचायचं, आईनं दुरुस्त करायचं. चार-पाच दिवसांतच आई जुन्या फाइलकडे बघेनाशी झाली. डोळे मिटायची, उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागायचा आणि पुढची ओळ यायची. मी विचारलं, ''तुला पाठ आहेत?'' म्हणाली, ''मलाही ठाऊक नव्हतं.''

एकशे सत्तेचाळिसावी ओवी मूळ फाइलमध्येच अर्धी होती. २००७ मध्ये कधीतरी लाइट गेली असणार आणि सेव्ह करायचं राहिलं असणार. आईनं थोडा विचार केला आणि ती पूर्ण केली. ती ओळ आमच्या घरातल्या कुठल्याच ड्राइव्हवर नव्हती.

आता ओव्या चार ठिकाणी आहेत. पीसीवर, पोर्टेबल ड्राइव्हवर, क्लाउडवर आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेल्या वहीत. जुनी डिस्क ई-कचऱ्यात द्यायची ठरली होती. आईनं अजून दिलेली नाही.

तुमच्याही घरी कोपऱ्यात असा एक पीसी असेल. या वीकेण्डला तो सुरू करा आणि आत कोण राहतंय ते बघा. टक टक ऐकू यायची वाट बघू नका!

शिफ्टिंगआधी हे वाचाच

● ३-२-१ : छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला नियम. महत्त्वाच्या फाइलच्या ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, १ घराबाहेर.

● कॉपी केली म्हणजे वाचली असं नाही : बॅकअप दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघा. मराठीच्या जुन्या फाइल्स तर नक्कीच.

● फॉन्ट्स फोल्डर घ्या : सोबत ब्राउझरचे बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड आणि डेस्कटॉपवरच्या फाइल्स. या सगळ्या सी ड्राइव्हमध्येच असतात.

● आधी लाइव्ह चालवा : वायफाय, प्रिंटर, आवाज पेन ड्राइव्हवरून तपासा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन किंवा हिशेबाचं खास विंडोज सॉफ्टवेअर लागत असेल तर लिनक्सवर जाण्याआधी दहादा विचार करा.

● जुनी डिस्क काढून ठेवा : इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत. आणि पुढचे दोन-तीन महिने तिच्यावर काहीही लिहू नका.

● आवाज येत असेल तर हट्ट नको : डेटा लाखमोलाचा असेल तर डिस्क पुन्हा पुन्हा सुरू न करता थेट डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या. आमचं नशीब चांगलं होतं, एवढंच.

● एसएसडी म्हणजे तिजोरी नव्हे : ती न सांगता अचानक जाऊ शकते, आणि वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर माहिती पुसट होऊ शकते. बॅकअप हवाच!